नववर्षाच्या सकाळची गोळी

याओलानच्या जिभेला हाड नव्हतं आणि गावात तिला जिवाभावाचं कुणी नव्हतं. गावच्या दवाखान्याची ती डॉक्टरीण. रक्तदाब मोजायची, हृदयाच्या गोळ्या द्यायची आणि गोळी चुकवणाऱ्याचा भर बाजारात उद्धार करायची. लोक तिला अवदसा म्हणत. गोळ्या मात्र घेत, तिच्या तोंडी लागायला नको म्हणून.

फक्त नववर्षाला तिचं काही चालत नसे. पहिल्या दिवशी औषध घेतलं की वर्षभर आजार घर सोडत नाही, हे चीनच्या शानतुंग प्रांतात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गोळ्या कपाटात जात त्या थेट पंधराव्या दिवशीच्या कंदिलांच्या सणापर्यंत. मूर्ख कुठले! हृदयाला कसली आलीय सुट्टी?

त्या सकाळी फटाके वाजत असतानाच तिनं मेहुण्याचं दार बडवलं. म्हाताऱ्या शाउत्यानच्या हृदयाच्या नळीत थंडी पडताना स्टेंट घातलेला. गोळी थांबली तर नळी पुन्हा बुजायची. याओलानची थोरली बहीण, म्हणजे त्याची बायको, गेल्या वर्षीच गेलेली. सुतकाच्या दाराला नववर्षाचे लाल कागद नव्हते.

"आज कुणी गोळी घेऊन दारात येतं? पांढऱ्या पायाची मेली!"

"शिव्या नंतर द्या, भावोजी. आधी आ करा."

"गेल्या नववर्षाला बहिणीसाठीही आणली होतीस. धड गेलं का तिचं वर्ष?"

याओलाननं एवढी एक गोष्ट वर्षभर जिभेवर येऊ दिली नव्हती. आता ती थांबली नाही.

"तिनं घेतली कुठे? तुम्ही चुलीत टाकलीत. सण संपेपर्यंत घेऊ दिली नाहीत, आणि कंदिलांच्या सकाळी ती याच अंगणात कोसळली."

शाउत्याननं डंपलिंगचा वाडगा जमिनीवर आपटला. "चालती हो!"

ती हलली नाही. गोळी तळहातावर घेऊन उभीच राहिली. म्हातारा बाकावर मटकन बसला. जमिनीकडे बघतच बोलला.

"आज ही मी गिळली आणि वर्षभर मला काहीच झालं नाही, तर मग... तर मग तिलाही काही झालं नसतं."

"नसतंच झालं," याओलान म्हणाली. "गिळा."

त्यानं तिच्याकडे सात जन्मांची वैरीण असल्यासारखं पाहिलं, आणि तोंड उघडलं.