आईच्या खोलीची काच

थोरला काचा बसवायचा आणि धाकटा त्या फुटून अंगावर सांडू नयेत म्हणून त्यांवर फिल्म लावायचा. सख्खे भाऊ, आणि धंदे असे की एकाचं चाललं की दुसऱ्याचं बसलं. फिल्म लावलेली काच सहसा फुटत नाही, तडकली तरी चिकटून उभी राहते, आणि चिकट माणसं तीच वर्षभर चालवून घेतात. भाऊच माझ्या पोटावर पाय देतो, असं थोरला एकदा चारचौघांत बोलला. धाकट्यानेही त्याला नको नको ते सुनावलं. तेव्हापासून दोघांत अबोला.

आई थोरल्याकडे राहायची. पलंगाला लागून मोठी खिडकी, वारा सुटला की खडखडणारी. एवढ्या दुकानांना लावतोस, माझ्या खिडकीला लाव की, असं ती धाकट्याला दर भेटीत म्हणे. काम तासाभराचं. साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म टेकवायची, रबरी पट्टीने आतलं पाणी काढायचं. पण धाकटा हटून बसला. थोरल्याने स्वतःच्या तोंडाने बोलवावं, मगच हात लावीन. थोरला म्हणे, माझ्या घरात काच फुटलीच तर बसवायला मी मेलो नाही. दोघेही मोठे शहाणे! आईने बरेच दिवस इकडचे निरोप तिकडे केले, मग तिने विषयच सोडला.

वादळात कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडून खिडकीवर आदळला. सगळी काच झोपलेल्या आईवर सांडली. डावा डोळा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर काही बोलेनात.

ती दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी थोरल्याचा फोन आला.

"फिल्म घेऊन येतोस का?"

धाकटा गेला. नवी काच बसलेली होती. काम रोजचंच, तरी नवशिक्यासारखे फिल्मखाली बुडबुडे राहिले. न सांगता थोरल्याने दुसरं टोक धरलं. थोडी वर घे, बास, आता सोड, एवढंच काय ते बोलणं झालं.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई पलंगावरून ऐकत होती.

"दोघं बोलताय ना रे?"

"हो, आई," थोरला म्हणाला.

"मग फुटली ते बरंच झालं."

ती टोमणा मारत नव्हती. अगदी मनापासून बोलत होती, आणि तेच धाकट्याला सहन होईना.