आत्याचं चौथं लुगडं

आमच्याकडे बाई वारली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. माहेरचा माणूस ते घेऊन पोहोचेपर्यंत तिला उचलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी नगरहून जामखेडच्या एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो, तिच्यात असं एक लुगडं होतं. ज्या बाईसाठी ते होतं, ती अजून जिवंत होती.

ती माझ्या आजोबांची बहीण. वडील तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणतो. तिचं खरं वय कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारीची आहे आणि त्यातल्या सालाप्रमाणे ती स्वतःच्या थोरल्या मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठी ठरते. शंभरी केव्हाच उलटली, एवढं मात्र सगळे मान्य करतात. तिने नवरा, दोघे भाऊ आणि दोन्ही मुलगे पोहोचवले. मागे एक वार्ताहर तिच्या दारात आला होता. इतकं जगायचं रहस्य काय, असं त्याने विचारलं. आत्या म्हणाली, "मला मरायला सवडच घावली न्हाई. ह्येंचंच उरकत बसले."

पहिलं लुगडं माझ्या आजोबांनी नेलं होतं. आत्याला ताप होता, ती शुद्धीवर नव्हती, म्हणून निरोप आला. आजोबा पोहोचले त्या सकाळी ती उठून बसली. आणलेलं लुगडं परत न्यायचं नसतं आणि तसं राखीव ठेवलेलं घरात असूही नये. तेव्हा बरी झाल्यावर तिनेच ते नेसून टाकलं. पुढे आजोबा गेले. दुसरं आणि तिसरं वडिलांनी नेलं. तिसऱ्या वेळी परत आल्यावर ते पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाले होते, "आत्या मला पोहोचवून मगच जाणार."

तसंच झालं. वडील गेल्या कार्तिकात गेले. त्यांचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात हे चौथं लुगडं सापडलं. मातकट रंगाचं, बारीक काठाचं, नऊवारी. वर चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात: आत्यासाठी. दुखण्यात घराबाहेर पडणं बंद होण्याआधी केव्हातरी त्यांनी ते घेऊन ठेवलं असणार. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, दुसऱ्यांच्या हातची अक्षरं लावण्यात दिवस घालवले. ती एका शब्दाची चिठ्ठी मात्र बराच वेळ हातात धरून बसलो.

वडील गेल्याचं आत्याला सांगायचं नाही, असं मी आणि काकूंनी फोनवर ठरवलं होतं. काकू म्हणजे आत्याची सून, स्वतः सत्तरी ओलांडलेली. आत्याला खऱ्या नात्याने आत्या म्हणणारं वडिलांशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. माझं म्हणणं उसनंच. ही बातमी ती सोसणार नाही, अशी आम्हा दोघांनाही खात्री होती. आणि तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला.

"भाऊ, आत्याबाई दोन दिस झालं पानी बी घेईनात. तुमी या. काय आनायचं ते तुमाला ठाव हाय."

गाव अर्धं रिकामं होतं. माणसं ऊसतोडीला गेलेली, बऱ्याच दारांना कुलपं. आत्याचा नातू सुप्याच्या कारखान्यात, त्याला रजा मिळायची होती. काकू अंगणातच भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दादांचं इचारलं तर गुडघं दुकत्यात म्हना. मी बी तेच सांगितलंय."

दादा म्हणजे माझे वडील. मी मान हलवली. गुडघ्यांचं सगळं ठरवून आलो होतो. कोणते डॉक्टर, कोणतं तेल, जिना कसा चढवत नाही. एसटीत तेच मनात घोळवत होतो.

आत्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो. मी हाक मारली तशी ती सावकाश वळली. मी पाया पडायला वाकलो. डोक्यावर वडिलांची लोकरीची टोपी होती, मला सैल होणारी. ती तिच्या पायांवर पडू नये म्हणून काढून हातात धरली. आत्याने नेहमीसारखा हात डोक्यावर ठेवला.

मुंडण होऊन वीसेक दिवस झाले होते. केस नुकते खुंटाएवढे आले होते. आम्ही गुडघ्यांचा विचार केला, डॉक्टरांचा केला, तेलाचा केला. माझ्या डोक्याचा विचार दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

तिचा हात तिथेच थांबला. मग कपाळापासून मानेपर्यंत एकदा फिरला. काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"कवा?" आत्याने विचारलं.

मी सांगितलं.

"तरास झाला?"

"शेवटी नाही झाला."

"तू हुतास जवळ?"

"होतो."

मग ती काकूंच्या दिशेने म्हणाली, "मला तवाच ठाव झालं. डोक्यावरून सुतकाचं पानी घातलंस आन् म्हनलीस सन हाय. कुटला सन? पुरन शिजल्याचा वास न्हाई आला घरात."

"आत्याबाई, तुमच्या जिवाला घोर नको म्हनून—"

"मंग रोज वाट बघितली, आज सांगतील, उद्या सांगतील. खानं बंद केल्याबिगर कोन आलं असतं हिकडं सांगायला?"

नगरच्या घरी मी सगळ्यांशी नीट बोललो होतो, आलेल्यांना बसा म्हणालो होतो, दहाव्याला काय कुठे ठेवलंय ते सांगत फिरलो होतो. इथे त्या खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि रडलो. आत्याने थांब म्हटलं नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, वाळलेल्या शेंगेइतका हलका.

मग ती म्हणाली, "पेटीत टोपी हाय, काढ गं. थोरल्यासाठी घेतलेली. त्यानं घातलीच न्हाई."

घरचा माणूस गेला की नात्यातल्या मोठ्यांनी मुलाच्या डोक्यावर टोपी घालायची, हा दुखवटा. दहाव्याला मला तीन-चार टोप्या मिळाल्या होत्या. पण वडिलांच्या नात्यातलं सर्वांत मोठं माणूस ही, आणि हिला आम्ही कळवलंच नव्हतं. काकूंनी आणलेली पांढरी टोपी आत्याने चाचपून सरळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"आता दाव काय आनलंयस ते."

मी पिशवीतून लुगडं काढून तिच्या हातात दिलं. तिने काठावरून बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं.

"हे तू न्हाई घेतलेलं."

"वडिलांनीच घेऊन ठेवलं होतं."

"मंग हे जाळायचं न्हाई," ती म्हणाली. "हे मी नेसनार. जायच्या येळचं तू तुज्या हातानं आन. आता म्हायेर तूच."

काकूंनी डोळे पुसले. "म्हंजे आत्याबाई, आज न्हाई?"

"आज कसं? लुगडं कुटं हाय?"

आम्ही तिघंही थोडं हसलो. काकूंनी पाणी आणलं. आत्या अर्धा पेला प्याली आणि मला म्हणाली, "जेवून जा. तोंड सुकलंय तुजं."

आता उन्हाळा लागला आहे. आत्या ते लुगडं नेसते. धुवून वाळत घातलं की काठ हाताला लागेपर्यंत दोरी चाचपत बसते, असं काकू सांगतात. दर पंधरवड्याला त्या फोन करतात आणि शेवटी आत्याचा निरोप असतोच: लुगडं घेतलं का म्हनं?

नऊवारी हल्ली कुठे सहज मिळत नाही, शोधतोय, असं मी सांगतो. तशी ती मिळते. कापडबाजारात एका दुकानात वरच्या फळीवर घड्या ठेवलेल्या दिसतात. मी दोनदा तिथवर जाऊन परत आलो आहे.