पाणी पाजल्यावर

आई गेली ती एका दुपारी, हृदयविकाराने, काही कळायच्या आत. दिवसकार्य आटोपल्यावर बाबा संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात गेले, दोन कप मांडले, दोन्हींत चहा ओतला, एकात चिमूटभर सुंठ टाकली. मी चहा घेत नाही. सुंठेचा कप आईचा. आपला पिऊन झाला तरी ते त्या कपाकडे बघत बसले. मग हे रोजचंच झालं.

त्यांना शांतता हवी, असं मी ठरवून टाकलं. मी मुळातच हट्टी. आमच्या डोंबिवलीच्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या, टीव्ही बंद केला. समाचाराला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावलं. विठ्ठलवाडीची मावशी तर रुसूनच गेली. बाबा दिवसेंदिवस बोलेनासे झाले.

मी घरूनच संशोधनाचं काम करत होते. अणूंएवढ्या चुंबकांची एक रांग घ्यायची, तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र एकदम बदलायचं आणि ती कशी स्थिरावते ते गणिताने बघायचं. बाहेरचं काहीच लागू दिलं नाही, तर अशा काही रांगा झुलतच राहतात, सुरुवात विसरत नाहीत. थोडा गोंगाट मिसळला की स्थिरावतात. हे मी रोज बघत होते आणि शेजारच्या खोलीतलं मला दिसत नव्हतं!

एकदा बाबांनी माझ्या संगणकाच्या पडद्याकडे बघत विचारलं, "हे काय गं?"

"क्वेंच म्हणतात, बाबा. एकदम केलेला बदल."

"म्हणजे पाणी पाजणं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात आयुष्यभर तेच केलं की. भट्टीतला लालबुंद लोखंडी जॉब पाण्यात बुडवायचा. कडक होतो, पण तसाच ठेवलास तर तडकतो. परत थोडा ताव द्यावा लागतो." मग म्हणाले, "अगं, मावशीला बोलाव ना."

मला माझीच लाज वाटली. खिडक्या उघडल्या. मावशी आली, रडली, आईच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसली. भाजीवाल्याची हाळी, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळं घरात आलं. बाबा मावशीशी वाद घालायला लागले. हसलेसुद्धा.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी एकच कप मांडला. मला हेच तर हवं होतं. तरी मी त्या एकाच कपाकडे बघत राहिले. स्थिरावणं म्हणजे सुरुवात विसरणं, हे मी कितीदा लिहिलं होतं आणि तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी आईचा कप काढून त्यांच्यापुढे धरला.

"तू कधीपासून घ्यायला लागलीस?"

"आजपासून."

त्यांनी चहा ओतला आणि न विचारता वर चिमूटभर सुंठ टाकली.