तारा अजून उतरवू नका

मावशी माझ्याकडे अकोल्याला आली ती थोड्या दिवसांसाठी. निदान आम्ही सगळे तसं म्हणत होतो. शेजारणीकडून भरून घेतलेल्या पिशवीत चार साड्या, औषधं आणि तळाशी चालायचे बूट. दवाखान्यातून स्ट्रेचरवर आलेल्या बाईनं बूट कशाला आणले, असं मी विचारलं, तर म्हणाली, "परत जातानी काय घालू मंग?" या गोष्टीला आता दोन उन्हाळे झाले.

माझी ही मावशी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, की "वेळ नाई भेटला" म्हणायची, आणि ते पटावं असंच तिचं सगळं चाललेलं असायचं. पहाटे तानपुरा, दिवसभर शाळा आणि रविवार आला की डोंगर. माझ्या जन्माच्या वेळी ती अमरावतीहून अकोल्याला सायकलनं आली, वाटेत मूर्तिजापूरला धर्मशाळेत मुक्काम करून. आजोबा रागावून तिच्याशी बोलेनासे झाले. त्यामुळे घरात मस्त शांतता होती, असं ती पुढे मजेत सांगायची. मेळघाटात एकदा पायवाटेवर अस्वल समोर आलं. ही पळाली नाही, जागेवर उभं राहून खालचा सूर लावला आणि धरून ठेवला. अस्वल झाडीत निघून गेलं. "त्याले गाण्याची गोडी नव्हती," एवढंच तिचं त्यावर म्हणणं. पन्नाशी उलटल्यावर हिमालयात जाऊन आली, तर आल्यावर तक्रार काय, की तिथं तानपुरा नेता आला नाही!

मुलींना डोंगरावर नेण्याची तिची एक पद्धत होती. सुटीत मी अमरावतीला असले की मलाही नेई. मुली सातच, आठवी कितीही रडली तरी नाही. निघण्याआधी प्रत्येकीला एक सूर वाटून द्यायची. मला कायम सा, कारण बाकीचे माझ्याच्यानं लागत नसत. झाडीत पांगलो की ती नावं पुकारत नसे. टाळी वाजवायची, आणि मग जी जिथं असेल तिथून ओळीनं आपापला सूर द्यायचा. जो सूर आला नाही, त्या सुराची मुलगी चुकली. चिखलदऱ्याला एकदा असं धुकं उतरलं की स्वतःचे हात दिसेनात. टाळी वाजली, सा गेला, रे गेला, पाचवा गेला आणि ध आलाच नाही. आमची बोबडी वळली. मावशी मात्र खाली दगडावर बसली आणि म्हणाली, पुन्हा म्हणा, आणि ध ची जागा मोकळी सोडा. आम्ही म्हणत राहिलो. कितीतरी वेळानं खालून, दरीच्या अंगानं, रडत रडत ध आला. "ध उतरून राहिला तुझा!" असं मावशी आधी ओरडली आणि मग दोर घेऊन तिला आणायला गेली. त्या मुलीला वर आणल्यावर मात्र तिनं पोटाशी धरलं, आणि डोंगर उतरेपर्यंत तिचा हात सोडला नाही. भीती तिलाही वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

अशा बाईनं पडावं कुठं, तर न्हाणीत, साबणावर. रियाज संपवला, तानपुरा कोपऱ्यात उभा केला, आंघोळीला गेली आणि पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि आम्ही तिला तिच्या घराचं दारही न दाखवता थेट अकोल्याला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. अमरावतीतलं, वडाळीकडचं तिचं दोन खोल्यांचं घर बंद झालं. किल्ली शेजारच्या भाभींकडे राहिली. त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि मावशीशी त्यांची सोयरिकीपेक्षा जास्त जवळीक. भाभी दर शुक्रवारी घर उघडायच्या, झाडांना पाणी घालायच्या, धूळ पुसायच्या आणि मग तिथूनच फोन करायच्या.

फोनवर एक प्रश्न ठरलेला असायचा. "बाई, तारा उतरवू का?"

तानपुरा बरेच दिवस वाजणार नसेल, तर त्याच्या तारा सैल करून ठेवतात. ताणलेल्या ठेवल्या तर दांडी वाकते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात भोपळ्यालाही तडा जातो. हे मावशीनंच भाभींना कधीतरी शिकवलेलं. पण तिचं उत्तर एकच: "अजून उतरवू नका. मी येऊनच राहिली." भाभी बिचाऱ्या खिडकीला ओलं गोणपाट बांधायच्या आणि तानपुऱ्याच्या खोलीत मातीच्या घमेल्यात पाणी ठेवायच्या.

आणि ती खरोखरच निघायच्या तयारीला लागली होती. वॉकर धरून बोळकांडीत झपतालाचे बोल म्हणत फेऱ्या घालायची. समेवर उजवा पाय पडला नाही तर स्वतःलाच शिव्या द्यायची. वॉकर सुटला, काठी आली. हिवाळ्यात जिना उतरून खाली गेली, कडुनिंबाखाली बसली आणि आपली आपण वर आली. मी पाठीमागे उभी होते, हे तिला आवडलं नाही.

पण आमच्या घरात मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात. उन्हाळा जाऊ दे, बघू. पावसाळ्यात घसरडं असतं, बघू. दिवाळी होऊ दे. हे सगळं दादा म्हणायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्यात असतो आणि फोनवरून सगळ्यांची काळजी घेतो. डॉक्टर म्हणाले, सोबतीला कुणी असेल तर खुशाल राहू दे तिच्या घरी. भाभींनी तर सोबतीला बाईही शोधली. मी दादाला सांगितलं, भांडले, फोन आपटला. "या वयात? परत पडली तर लोक आपल्याला काय म्हणतील?" तिच्या हाडांपेक्षा त्याला लोकांचीच जास्त धास्ती. शेवटी तो म्हणाला, "एकदा दाखवून आण. सकाळी ने, संध्याकाळी आण. मनाचं समाधान होईल तिचं."

मला वाटलं, हेही नसे थोडके. एकदा ती घरात शिरली की पुढचं पुढे. मी लगेच रविवारची गाडी सांगून टाकली.

मावशीला सांगायला गेले तर ती गॅलरीत भाभींशी फोनवर बोलत होती. फोन मोठ्या आवाजावर, तिला आता कमी ऐकू येतं. भाभी म्हणत होत्या, "बाई, ऊन लय तपून राहिलं यंदा. तारा..."

"उतरवा," मावशी म्हणाली.

"उतरवू?" भाभींनी पुन्हा विचारलं.

"चारी उतरवा. खर्जाची आधी. एकदम नका सोडू, थोडी थोडी सैल करा सगळ्याइले."

"मेरे हाथ से नहीं होगा, बाई."

"होते. खुंटी उलटी फिरवाची, बस." आणि तिनं फोन ठेवला.

मी घाईघाईनं पुढे झाले. म्हटलं, "मावशी, हे काय सांगितलंस? रविवारी जाऊन राहिलो आपण अमरावतीला. गाडी सांगितली मी."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा असा उजळला की मला धडकीच भरली. "राहाले?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. "नाही गं," मी म्हटलं. "पाहायला. संध्याकाळी परत."

तिनं तोंड समोरच्या इमारतीकडे फिरवलं. मग म्हणाली, "मंग नको."

"कावून?"

"घर पाहिलं तं मले इथं राहवणार नाई. आन तिथं तुमी राहू देणार नाई, दोन उन्हाळे तुमचं 'बघू'च आयकून राहिली मी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "इथं मी कशीबशी बसली आहो, तं बसू दे मले. गाडीवाल्याले नाई म्हणून सांग."

मी आत गेले आणि गाडीवाल्याला फोन लावला. मावशीनं आत येऊन मला फक्त एवढंच सांगितलं, की गॅलरीचं दार लावून घे, ऊन आत येऊन राहिलं.