माझा राजीनामा समजावा

कॉमिक्सवेड्या मराठी माणसांचा आमचा एक ग्रुप होता. सगळा कारभार ईमेलवर. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत निघालेली, शौकीन लोक ज्यांना 'सुवर्णकाळातली' म्हणतात ती जुनी कॉमिक्स आम्ही कुठून कुठून शोधून काढायचो, स्कॅन करून एकमेकांना पाठवायचो आणि मग त्यांवरून भांडायचो. झगा घालून उडणारे आणि मुखवटा लावून गुंडांना बदडणारे वीर, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे आम्ही, बँकेत, कॉलेजात, कचेरीत नोकरी करणारे जाणते लोक. पुढे कुणाला तरी सुचलं की ही पानं मराठीत आणावीत. फुग्यांमधलं इंग्रजी पुसायचं आणि तिथे मराठी संवाद बसवायचे.

स्कॅनिंग आणि पुसापुशी माझ्याकडे होती. दरियागंजच्या फुटपाथवर रविवारी जो जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे मला अधूनमधून घबाड सापडायचं. कुठल्याशा परदेशी कुटुंबाने जाताना टाकून दिलेले गठ्ठे असत. मुखपृष्ठ फाटलेलं, पिना गंजलेल्या, कागदाला कपाटाचा वास. ग्रुपमधले बाकी सगळे पुण्या-नाशिककडचे. दिल्लीची मी एकटीच. त्यामुळे माझा भाव जरा वधारलेला असे, आणि मला ते आवडायचं.

मराठी लिहायचे ते काका. ग्रुप त्यांनीच सुरू केला होता, चालवतही तेच होते. निवृत्त शिक्षक. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, पण आवाज ओळखीचा होता, कारण एकदा कुरियरच्या घोळात फोनवर बोलणं झालं होतं. थोबाडीत मारल्याचा आवाज 'फाडकन' लिहायचा की 'खाडकन', यावर हा माणूस आठवडाभर पत्रं लिहू शकायचा. हात उघडा असेल तर फाडकन, दार आपटलं तर खाडकन. एका पानावर मी हौसेने स्वतः एक फुगा भरला होता. विधवा आई म्हणते, "मी राबराब राबले आणि मुलाला चांगली शिक्षा दिली." काकांनी ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. मला वेगळी मेल पाठवली. "अगं, मराठीत शिक्षा म्हणजे सजा. शिक्षण म्हण. बिचाऱ्या पोराने काय घोडं मारलंय?" मी हसले, पण कानशिलं तापली होती.

माझं मराठी म्हणजे घरातलं मराठी. स्वयंपाक, दुखणीखुपणी, नातेवाईक आणि रागावणं, एवढ्यापुरतं भरपूर. मी वाढले सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. जे शब्द घरात लागत नाहीत ते मला कधी भेटलेच नाहीत, आणि त्यांची जागा हिंदीने गुपचूप घेतली. मला वाटायचं मला सगळं येतं. न येणाऱ्या शब्दाचं हेच वाईट असतं, तो आपल्याला येत नाही हेही आपल्याला माहीत नसतं.

तेव्हा आई-बाबा आणि मी गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलो होतो. समोर शेतं, मागे क्रेन आणि मध्ये आम्ही. लिफ्ट इंपोर्टेड, लाइटचा मात्र भरवसा नाही. सोसायटीत पार्किंगवरून रोज जुंपायची. एकदा दोन घरांत हातघाईवर आलं, चौकीतून पोलीस आला आणि शेवटी दोन्हीकडच्यांनी एका कागदावर सह्या केल्या. "चलो, राज़ीनामा हो गया," सेक्रेटरी सगळ्यांना सांगत फिरला. राज़ीनामा म्हणजे समेट, दोन्हीकडची संमती. मला हा शब्द आवडलाही होता. राजी झाले त्याचा नामा.

ग्रुपमध्ये तेव्हा एक वाद पेटला होता. तरुण मंडळींना पानं स्वच्छ हवी होती: पिवळेपणा काढून पांढरीशुभ्र, जुन्या जाहिराती कापून, कुण्या पोराने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं नाव खोडून. काका म्हणायचे, "नाही. पान जसं मिळालं तसंच राहील. डागही त्याचाच आहे." मी मधल्यामध्ये. खरं सांगायचं तर मलाही एक अंक पांढरा करून बघायचा होता, एकच, आणि मी त्यांच्याकडे लाडात हट्ट धरला होता. ते काही बधत नव्हते. पत्रं कडक होत चालली होती. कुणी त्यांना हेकट म्हणालं, कुणी म्हातारबुवा.

मग एका रविवारी सकाळी त्यांची मेल आली. आम्ही सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो, तसंच तेही. "सर्वांच्या इच्छेपुढे माझे काही चालत नाही. तेव्हा माझा राजीनामा समजावा. सर्वांना शुभेच्छा."

मी खुर्चीतच उडी मारली. काका राजी झाले! लगेच, कुणाच्याही आधी, मी ग्रुपवर लिहिलं: "वा काका! इतका आनंद झालाय म्हणून सांगू! आम्ही किती दिवस याचीच वाट बघत होतो. आता पेढे हवेतच!"

थोड्या वेळात उत्तरं यायला लागली. "सहमत." "सहमत." "ताई, आमच्या मनातलं बोललात." "हिंमत लागते हो असं तोंडावर म्हणायला." हिंमत कसली, मला कळेना. पांढऱ्या पानांसाठी हट्ट धरायला कसली आलीये हिंमत? तरी चार लोकांनी पाठ थोपटल्यावर कोण प्रश्न विचारतं? मी गालातल्या गालात हसत बसले.

आई आत आली ती तणतणत. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, आणि तिला नागपूरला मामाला फोन लावायचा होता. "अगं, बिल्कुल लक्ष नाही तुझं, फोन सोड ना आता." मग तिने चष्मा वर करून स्क्रीनवर पाहिलं. "हे काय? कोणी राजीनामा दिला?"

"आमच्या काकांनी. शेवटी मानले एकदाचे."

"मानले कुठे? सोडून चाललेत ते." आईने खाली माझं उत्तर वाचलं. मग पुन्हा वाचलं. "आणि तू त्यांना पेढे मागतेस?"

"म्हणजे?"

"राजीनामा म्हणजे रेझिग्नेशन, यार!" आई मला यार म्हणते तेव्हा तिच्याकडचे सगळे शब्द संपलेले असतात. "तुला एवढंही माहीत नाही?"

नव्हतं माहीत. कुठून असणार? आमच्या क्वार्टर्समध्ये माणसं निवृत्त व्हायची, नाहीतर जायची. सरकारी नोकरी स्वतःहून सोडलेला मनुष्य मी पाहिलाच नव्हता. माझ्या ऑफिसात नोकरी सोडणारे लोक 'पेपर डाल देते' होते. पण ही सारवासारव नंतरची. त्या क्षणाची सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट अशी की पहिला विचार काकांचा आला नाही. पहिला विचार आला, आता ग्रुपमध्ये कळणार की हिला मराठी येत नाही.

तरी लिहिलं. आई मागे उभी होती म्हणून लिहिलं, असंही असेल. शब्दाचा अर्थ मी हिंदीतला घेतला, मला वाटलं तुम्ही परवानगी दिलीत, काका, कृपा करून जाऊ नका. पाठवून दिलं. उत्तरं आली ती हसरी तोंडं काढलेली. "झकास सावरलंत!" "राजीनामा माहीत नाही? काहीही हं ताई!" "पॉलिटिक्स शिकावं तर दिल्लीकरांकडून." कुणाचाच विश्वास बसला नाही. आधी वाटलं होतं, अडाणी ठरेन. ठरले धूर्त. काकांचं मात्र काहीच आलं नाही.

शेवटी फोन केला. आई शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. पलीकडून "हॅलो" आलं, मी नाव सांगितलं आणि ते म्हणाले, "बोला." मला ते नेहमी अगं-तुगं करायचे. त्या "बोला"ने माझी सगळी तयारी कोलमडली.

"काका, मला तो शब्द येत नव्हता."

"असू दे हो. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरंच केलंत."

"नाही काका, खरंच. इथे राज़ीनामा म्हणजे दोघं राजी होतात ते. मला वाटलं तुम्ही हो म्हणालात. एक अंक पांढरा करायला." माझा आवाज चिरकला. "मला खूप शब्द येत नाहीत. येतात असं दाखवते. तुम्ही लिहिता त्यातलं बरंचसं मी अंदाजाने वाचते." इतकी वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते एसटीडीच्या तारेवर, आईच्या देखत, भडाभडा बाहेर पडलं. आईने मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली की स्वतःची, ते मी विचारलं नाही.

 पलीकडे ते हसले, अगदी थोडंसं.

"अंदाजाने वाचत होतीस? आणि तरी इतकी पानं केलीस?"

मला 'तू' म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी घाईघाईने बोलत सुटले. मग तुम्ही परत या, मी सगळ्यांना पुन्हा लिहिते, ही सगळी माझीच चूक आहे, माझ्यामुळेच झालं सगळं.

"तुझ्यामुळे नाही गं," ते म्हणाले. "तुला शब्द कळला नाही, हे मी मानतो. पण तुझ्या मेलखाली ज्यांनी 'सहमत' लिहिलं, त्यांना तर मराठी येतं ना?"

मी "हो" म्हणाले.