पत्त्यावर भेटली नाही

रत्नागिरीत मी पोस्टमन होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा माझ्या बीटात, म्हणजे टपाल वाटायच्या आळ्यांत, कोण खरंच राहतं आणि कोण राहतो असं नुसतं सांगतं, हे मला पालिकेपेक्षा जास्त ठाऊक होतं. एखाद्याच्या घरी सासू मुक्कामाला आली की त्याची पत्रं दुकानावर नेऊन द्यायची, इतपत माहिती माझ्या डोक्यात असे. आणि त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी माझी पोरगी सातवी पास होऊन आठवीत जाणार होती. गावातल्या चांगल्या हायस्कुलात तिला जायचं होतं. जायचं होतं म्हणजे काय, तिनं डोक्यातच घेतलं होतं. तिथे प्रयोगशाळा होती आणि गणिताचे सर असे होते म्हणे, की त्यांच्या हाताखालून दगड गेला तरी वर्गमूळ काढील. पण त्याच वर्षी एक नवे हेडमास्तर आले, देशावरचे. त्यांनी आल्या आल्या नियम काढला, की पालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना आधी घेणार, बाहेरच्यांना उरल्या तर जागा. मी खूश. आम्ही हद्दीत, भाड्याच्या दोन खोल्यांत का असेना, पण हद्दीत!

यादी लागली आणि पोरीचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं. म्हणजे वरच्यातलं एक कुणी गळलं की ही आत. मी फळ्यासमोर उभा राहून वरची नावं वाचली. आठ पत्ते माझ्या बीटातले. वाचता वाचता एका नावाशी थांबलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या नावाच्या पोरीला मी ओळखत होतो. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातली. तिच्या गावी शाळा सातवीपर्यंतच. जून लागल्यापासून ही पोर शिकवणीसाठी रोज सकाळच्या पहिल्या एस.टी.नं उतरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. मी स्टँडवर डाकेची थैली उतरवून घ्यायला असायचो, त्यामुळे रोज दिसायची. आणि यादीत पत्ता कुठला? तर माझ्याच बीटातल्या एका आळीतला. तिच्या आत्याचा.

"हे चालायचं नाही," मी घरी येऊन गरजलो. "मी अर्ज करणार. खरी राहणारी बाहेर आणि खोटी राहणारी आत? मोगलाई आहे काय?"

"करा," बायको म्हणाली. ती तेव्हा पिशवी भरत होती. "मी पोरीला घेऊन गावी चालल्ये. भाताची लावणी आहे. तुमच्या आईनं निरोप धाडलाय, माणूस मिळत नाही म्हणून."

"जा," मी म्हणालो. "प्रतीक्षा यादीवाल्यांना इथे कोण विचारतंय!"

हे वाक्य माझंच. पुढे ते मला इतक्यांदा ऐकवण्यात आलं, की माझं नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. चांगल्या अक्षरात, 'सेवेशी सविनय सादर' वगैरे. घडी करून थैलीच्या आतल्या कप्प्यात ठेवला, सवड मिळेल तेव्हा शाळेत टाकू म्हणून.

आता हेडमास्तरांची हुशारी बघा. त्यांनाही संशय होताच. आमचे पोस्टमास्तर आणि ते संध्याकाळी एकत्र बॅडमिंटन खेळत. तिथे त्यांनी बेत शिजवला. शाळेनं प्रत्येक मुलाच्या नावे एक छापील कार्ड टपालात टाकायचं. पोस्टमननं त्या पत्त्यावर जायचं, मूल डोळ्यांनी बघायचं, आणि कार्डावर 'भेटला', 'भेटली' किंवा 'भेटला नाही', 'भेटली नाही' लिहून खाली सही ठोकायची. सोमवारी कार्ड निघणार, बुधवारी संध्याकाळी परत शाळेत. टपालाच्या कुठल्याही कायद्यात हे बसत नव्हतं. पण साहेबांनी सांगितलं, की आम्ही मान हलवायची.

देशावरच्या माणसाला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. लावणीच्या दिवसांत रत्नागिरीतला खरा राहणारा माणूस रत्नागिरीत सापडत नाही. ज्याला म्हणून गावी चार खाचरं आहेत तो बायकापोरांसकट चिखलात. आळ्याच्या आळ्या कुलूप! कोण राहतं आणि कोण नाही हे तपासायला वर्षातले तीनशे दिवस चांगले होते. यांनी नेमके हे निवडले.

सोमवारी सकाळी माझ्या हातात नऊ कार्ड पडली. मी बीटाप्रमाणे लावायला घेतली. आठवं कार्ड त्या एस.टी.वाल्या पोरीचं. मनात म्हटलं, ये बाई ये, तुझीच वाट बघत होतो. नववं उलटलं. माझ्याच पोरीचं नाव, माझ्याच खोलीचा पत्ता. हेडमास्तरांनी प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याचीही तपासणी लावली होती.

झाली का पंचाईत!

मी धावत स्टँडवर गेलो. आमच्या गावच्या गाडीच्या कंडक्टरला म्हटलं, "बाबा रे, माझ्या घरी निरोप सांग. बुधवारच्या आत पोरीला पाठवून द्या. शाळेचं काम आहे, अगदी तातडीचं." कंडक्टर शहाणा माणूस, मंगळवारी सकाळी उत्तर घेऊन आला. म्हणाला, "वहिनी सांगतात, दोन खाचरं राहिल्येत. ती लावून गुरुवारी येतो. आणि विचारतात, प्रतीक्षा यादीवाल्यांना कोण विचारतंय?"

मी कपाळाला हात लावला. शिव्या कुणाला द्यायच्या तेही कळेना, म्हणून पावसाला दिल्या.

मंगळवारी मी कार्ड घेऊन निघालो. आणि काय सांगू, तपासणीची बातमी आधीच फुटली होती, जिथे जिथे मला दाट संशय होता तिथे तिथे पोरं हजर! एका घरी तर पोरगा दारातच गादी घालून आजाऱ्यासारखा पडला होता, न जाणो मी यायचो आणि तो नेमका परसात असायचा. ज्यांचं राहणं शंभर टक्के खरं, त्यातल्या तीन घरांना कुलूप. त्या तिघांच्या शेजाऱ्यांना मी सांगून ठेवलं, आणि तीनही पोरं बुधवारी सकाळच्या गाड्यांनी धापा टाकत आली, पायांना चिखल तसाच. त्यांच्या आयांना कुणी 'प्रतीक्षा यादीवाल्यांना कोण विचारतंय' असं सांगितलेलं नव्हतं ना!

बुधवारी दुपारी शेवटची दोन कार्ड उरली. माझं आणि तिचं.

आत्याच्या घरी गेलो. ओटीवर पोर मांडी घालून मोठ्यानं धडा वाचत होती. मला बघितल्यावर आवाज आणखी चढला. दोरीवर तिचे दोन फ्रॉक वाळत घातले होते, पावसात! अंगणात रांगोळी होती, तीही निम्मी वाहून गेलेली. तिची आई दारातच बसलेली. उठली आणि गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. आमच्या शहरातल्या आळीत पोस्टमनला पाणी कुणी विचारत नाही. हात लांब करून पत्र घेतात आणि दार लावतात. मी मनात म्हटलं, सापडलीस.

"काय ताई, किती वर्षं झाली इथे राहून?"

"झाली की बरीच."

"मग नळाला पाणी किती वाजता येतं हो?"

बाई थांबली. पोरीचा धडाही थांबला. "येतंय की," बाई म्हणाली, "हवं तवा."

रत्नागिरीत नळाला हवं तेव्हा पाणी! मला हसू आवरेना. आत्या आतून डोक्याला हात लावून बघत होती. पहाटे पाचला उठून घागरी लावणारी ती!

"ताई," मी पेन काढलं, "मी रोज सकाळी तुमच्या पोरीला एस.टी.तून उतरताना बघतो."

आता ही रडेल, पाया पडेल, नाहीतर भांडेल, असं मला वाटलं. तिन्ही गोष्टींची मी तयारी ठेवली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग बघितलंत ना तिला? लिवा एकदाचं काय ते. पाच दिस झाले बसून. कारड येणार, कारड येणार, आज न्हाय उद्या. हिचा बाप मंबयला. तिकडं भाताच्या रोपांची दाढ पिवळी पडत चाललीय, लावायला घरात दुसरं माणूस न्हाय. चारची गाडी गावंल का हो दादा? दोन घंटं उजेड मिळाला तर एक खाचर तरी व्हईल."

त्या बाईचे हात माझ्या आईसारखे होते, बोटांच्या बेचक्या चिखलानं खाल्लेल्या. पाच दिवस ते रिकामे ठेवून ती परक्या ओटीवर बसली होती, पोरीच्या एका कार्डासाठी. आणि माझ्या घरचे हात या घटकेला खाचरात होते, कारण मी ऐटीत सांगितलं होतं, जा म्हणून. मला लाज वाटली. कुणाची ते नीट कळलं नाही, पण वाटली.

"चारची मिळेल," मी म्हणालो. "निघा लगेच."

कार्डावर लिहिलं, 'भेटली'. खोटं काय त्यात? भेटलीच होती. मग आमच्या खोलीवर गेलो, स्वतःच कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. पेन हातात घेऊन उभा राहिलो. सहीच तर मारायची होती. बघणारा मी, लिहिणारा मी, बापही मीच. चुलीवर दूध नासलेलं होतं तेवढं टाकून दिलं. आणि लिहिलं, 'भेटली नाही.'

हेडमास्तरांनी नऊही कार्ड टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. "एकच 'भेटली नाही'? ही कोण?"

"माझी मुलगी, सर. गावी लावणीला गेल्ये."

"म्हणजे तुमचं घर गावी आहे. मग इथे राहता कुठे?"

ऐका! अख्ख्या बीटात बोगस ठरलो तो मी. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण माणूस दुष्ट नव्हता. चष्मा काढून म्हणाला, "हे बघा, मला कळतंय. तुम्हाला इथलं घर न् घर माहीत. या आठांमधलं कुणी खोटं असेल तर आत्ता सांगा. ते नाव काढतो आणि तुमच्या मुलीचं घालतो. तुमचा शब्द मला पुरे."

माझा अर्ज थैलीत होता. तीन दिवसांच्या पावसात भिजून त्याचा लगदा झाला असेल, पण तोंड तर शाबूत होतं. एक नाव घ्यायचं, बस. पोरगी उद्या घरी येणार होती. तिच्यासाठी मी नवी कंपासपेटी आणून फडताळात लपवून ठेवली होती, तीसुद्धा मला त्या वेळी आठवली. आणि चारची गाडी. चार वाजून गेले होते, म्हणजे गाडी आता निघाली असेल.

"सगळी भेटली, सर," मी म्हणालो. "एक माझीच तेवढी भेटली नाही."

गुरुवारी बायको आली. सगळं ऐकून घेतलं आणि मग जी सुरू झाली ती शनिवारपर्यंत. "जगाच्या पोरी यांना भेटल्या! तुमच्या हातात पेन होतं ना? का आमच्या पत्त्यावर आलात की तुमची दृष्टी जाते?" बायको परवडली. पोरगी एकच वाक्य बोलली. पायाचा चिखलही धुतला नव्हता तिनं. म्हणाली, "तुम्ही माझे बाबा आहात की पोस्टमन?"

मी फडताळ उघडलं. कंपासपेटी पुढे केली. तिनं घेतली नाही.

ती टेकडीवरच्या दुसऱ्या शाळेत जाऊ लागली. वाटेत स्टँड लागायचं. तिथे त्या एस.टी.वाल्या पोरीची न् हिची कशी गट्टी झाली, देव जाणे. संध्याकाळी गाडी सुटेपर्यंत बाकावर बसून आमची पोर त्या हायस्कुलातल्या गणिताच्या वह्या उतरवून घ्यायची. थैली उतरवताना मला दोघींच्या वेण्या दिसायच्या. मी जवळ गेलो की आमची वही मिटायची आणि ती दुसरी विचारायची, "दादा, गाडी वेळेवर हाय ना?" कंपासपेटी दिवाळीनंतर फडताळातून आपोआप नाहीशी झाली. मीही विचारलं नाही.

पुढे दोघी शिकल्या, दोघी मुंबईला गेल्या. माझी निवृत्ती झाली. एक दिवस पोरीचा फोन आला. नातवाला चांगल्या शाळेत घालायचं होतं, आणि शाळा म्हणत होती, की जवळपास राहणाऱ्यांनाच घेणार. हिचं घर लांब. शाळेशेजारी मैत्रिणीचा फ्लॅट होता, तिनं आपण होऊन पत्ता दिला होता. मैत्रीण तीच, एस.टी.वाली. शाळेचा माणूस केव्हाही बघायला येईल, घरात कुणीतरी नातवाजवळ बसायला हवं होतं.

"अगं पण हे..." मी सुरू केलं.

"बाबा," ती म्हणाली, "या वेळी बाबा म्हणून या. पोस्टमनला घरी ठेवा."

रात्रीच्या गाडीनं निघालो. मैत्रिणीनं दार उघडलं, गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं, आणि हसत उभी राहिली. मी तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यात आधी विचारून घेतलं, "बाय, तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं?"