अण्णांच्या डोक्याचं माप

माझ्या पोटातल्या बाळाचं वय मशीनने तीन आठवडे जास्त दाखवलं, आणि मी खोटी ठरले.

तेव्हा माझ्या बाजूने एकच माणूस उभं राहिलं. माझे सासरे, अण्णा.

आज सकाळी ते गेले.

मी इथे फारसं लिहीत नाही. आणि हे तर आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मघाशी संतोषला, माझ्या नवऱ्याला, फोनवर विचारलं, लिहू का? तो मस्कतच्या एअरपोर्टवर फ्लाइटची वाट बघत बसलाय.

म्हणाला, "लिही. माझं वागणंही लिही."

सहा वर्षं झाली. संतोष महिनाभर रजेवर आला होता, तेव्हा मला दिवस राहिले. तो मस्कतला परत गेला. पुढचे महिने मी निपाणीला आईच्या आजारपणात होते, सुरुवातीचे स्कॅन राहूनच गेले. बेंगळूरला आले तेव्हा सातवा महिना लागला होता.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि अण्णा. चिकपेटेत त्यांचं टेलरिंगचं दुकान.

आमचं बोलणं म्हणजे, "जेवलीस?" "जेवले."

पहिल्या स्कॅनच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, एकतीस आठवडे.

माझ्या तारखेने अठ्ठावीस होत होते.

मला त्यातलं काही कळलं नाही. मी फोटो काढून संतोषला पाठवला. वाटलं, खूश होईल.

संध्याकाळी फोन आला. हात पिठाचे होते, म्हणून स्पीकरवर ठेवला.

"तुला तारीख नक्की आठवते ना?"

"आठवते."

"एकतीस आठवडे धरले तर मी तेव्हा इकडे होतो. घरी आलोच नव्हतो."

मी चपाती तव्यावर टाकली.

"बरं," म्हणाला, आणि ठेवला.

वळून बघितलं तर अण्णा पाण्याचा तांब्या भरायला आले होते. दारातच उभे होते. तांब्या तसाच रिकामा घेऊन गेले.

ती चपाती करपली. बाकीचं पीठ मी झाकून ठेवलं. सहाशे किलोमीटरवर माहेर, आई अंथरुणात. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकान उघडलं नाही.

"रिपोर्ट घे. चल."

त्यांनी ऑटो थांबवली.

स्कॅन सेंटरच्या डॉक्टर बाईंशी ते कानडीत बोलत होते. मी आपलं मराठीत लिहिते.

"डॉक्टरम्मा, हे वय कशावरून काढलं?"

"बाळाच्या डोक्याच्या मापावरून."

"पोट मोजलं?"

"मोजलं."

"मांडी?"

"मांडीचं हाडही मोजलं."

"ते किती आठवड्यांचं?"

डॉक्टर बाईंनी कागद उलटला. परत वाचला.

"पोट अठ्ठावीस. मांडी अठ्ठावीस."

"मग एकट्या डोक्याचं का ऐकलं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चाळीस वर्षं शिवतोय मी, अम्मा. वय विचारून कापड कापत नाही आम्ही. सहा वर्षांची दोन पोरं येतात, दोघांचे खांदे वेगळे, छाती वेगळी. माप घेऊन वय सांगायला तर मला कधीच जमलं नसतं."

मला वाटलं, आता या चिडणार. पण त्या नीट बसल्या. म्हणाल्या, इतक्या उशिरा डोक्यावरून वय काढलं तर दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. मेंदू मी बघितलाय, सगळं ठीक आहे. "घरात कुणाचं डोकं मोठं आहे का?"

अण्णांनी गळ्यातली टेप काढली. दुकान बंद असलं तरी ती गळ्यात असायचीच. कपाळावरून मागे नेली, पुढे बोट धरलं आणि वाकले.

"वाचा."

"एकसष्ट सेंटीमीटर!" डॉक्टर बाई हसल्याच. वेटिंगमधल्या दोघीतिघी वाकून बघत होत्या.

"मुलाचंही असंच. लग्नात रेडीमेड फेटा बसेना. मी मागून उसवून पट्टी घातली."

बाईंनी रिपोर्ट बदलून दिला. वय माझ्या तारखेने. खाली ओळ लिहिली, डोकं मोठं, घराण्यात आहे.

अण्णांनी सेंटरच्या पायरीवरूनच संतोषला फोन लावला.

"डोकं मोज तुझं. टेप नसेल तर दोरी घे. आणि मग तिला फोन कर. मला नको."

संतोषने चार्जरच्या वायरने मोजलं. साडेसाठ. त्याचा फोन आला, आधी आकडा सांगितला. मग म्हणाला, "जेवलीस का?"

सॉरी तो नंतर म्हणाला. खूप नंतर.

मुलगी माझ्या तारखेच्या दोन दिवस आधी झाली.

मागच्या वर्षी एकदा अण्णा शर्टाची काजं करत बसले होते. धीर करून म्हटलं, "अण्णा, तेव्हा तुम्ही मला काहीच विचारलं नाही."

त्यांनी वर बघितलं नाही.

"विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं, पोरी."

दोरा तोडला आणि म्हणाले, "स्वल्प चहा टाक."

सकाळपासून लोक येऊन गेले. कसं झालं, किती वाजता, आधी काही त्रास होता का, मुलगा कधी पोचणार. सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या अक्का मुलीला घेऊन गेल्या.

आता हॉलमध्ये अण्णांना ठेवलंय त्या बर्फाच्या पेटीचा आवाज, आणि मी. संतोष उद्या सकाळी पोचेल. दिवसकार्य झालं की परत जाईल. मुलीची शाळा इथे आहे, मला इथेच राहायचंय.

या शहरात माझ्यावर विश्वास ठेवायला ज्यांना माझ्याकडून एकही शब्द लागला नाही, ते एवढे एकच होते.

अण्णा, तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

आज मानते.

नीट जा.